दारावरचा तळव्याएवढा डाग

आमच्या शेडमधल्या सेकंडहँड सीएनसी लेथच्या दारावर एके ठिकाणी तळव्याएवढा रंग उडालाय. आठ महिने मी तिकडे नीट पाहिलंही नव्हतं.

काल लेथचा कॉलेट अडकला. सळई घट्ट धरून ठेवणारा तो पंजा काही केल्या सुटेना. मी प्रेशर तपासलं, डिझेल सोडलं, चार शिव्याही घातल्या. शेवटी आधीच्या मालकाकडे हे मशीन बारा वर्षं चालवलेल्या दत्तूमामांना बोलावलं.

उंचेपुरे मामा चपला बाहेर काढून आत आले. त्यांनी डावा हात दारावर टेकवला, नेमका त्या डागावर. मग मशीन बंद करून मागून पितळी दांडा घातला आणि लाकडी हातोडीनं दोन हलके ठोके दिले. कॉलेट सुटला. आत धातूचा बारीक बुरा दाटला होता.

"हिला रोज संध्याकाळी हवा मारायची असते," मामा म्हणाले. "सांगितलं नाही कुणी?"

काम झाल्याचा आनंद राहिला बाजूला, माझा नुसता जळफळाट झाला. बिलावर नाव माझं, खंडेनवमीला हार मी घातलेला. पण विकत घेतलेल्या वस्तूची सवय काही बिलाबरोबर येत नाही. ती आधीच्या माणसाच्या हातातच राहते.

"अधनंमधनं येत जाऊ का?" मामांनी विचारलं.

"नको, जमेल आता," मी जरा जास्तच घाईनं म्हणालो.

ते गेल्यावर मी चपला काढल्या, डोळे मिटले आणि दारावर हात टेकवला. डोळे उघडून पाहिलं, तर माझा हात डागाच्या चार बोटं खाली होता.