मरळीच्या हौदातली जाळी

माझ्या नवऱ्याचं नाव देवाजी. बायकोनं नाव घेऊ नये म्हणतात, पण मी रागात आहे, म्हणून घेते. माणूस कष्टाचा, दारूच्या थेंबाले शिवत नाही, आमच्या पोरीवर, मोनालीवर जीव टाकतो. फक्त विश्वास म्हणून कोणावर नाही. दूधवाला हसला तरी म्हणणार, "आज काहून हसून राहिला हा? पाणी जास्त टाकलं असंल."

आम्ही ढिवर, मासोळ्या धरणारे. पारडीले घरामागं सिमेंटचा हौद आहे, त्यात मरळ पोसतो. रामटेककडच्या तळ्यांतून आणायची अन् शहरात सदरच्या हॉटेलवाल्यांले जिवंत द्यायची. मरळ ओल्या पोत्यातही लवकर मरत नाही. रोहू-कतला कल्ल्यांनी पाण्यातूनच हवा ओढतात; मरळीले तेवढी पुरत नाही. ती घडीघडी वर येते, तोंडानं हवेचा घोट घेते अन् खाली जाते. देवाजी तर लहानपणापासून तळ्यातल्या त्या बुडबुड्यावरूनच मरळ हेरायचा.

हौद माझा धाकटा भाऊ गिरिधर सांभाळायचा. आई-बाप गेल्यापासून तो आमच्याकडेच. माहेरचं म्हणून मले तेवढं एकच माणूस उरलं.

या हिवाळ्यात हौदातल्या लहान मरळी कमी व्हायला लागल्या.

"मांजर नेत असंल," मी म्हटलं.

"मांजर पाण्यात बुडी मारते का वं?"

झालं! याचे डोळे फिरले गिरिधरवर. त्याची पिशवी चाचपून झाली. सदरले जाऊन हॉटेलवाल्यांले विचारून झालं, माझा साळा लपून मासोळ्या विकतो का म्हणून. एकदा त त्याचे हात हुंगले! हौदात काम करणाऱ्याच्या हाताले मासोळीचा नाही त काय मोगऱ्याचा वास येईल?

एका दुपारी ताटावरच याचं तोंड सुटलं. "चोर बाहेरचा नाही, घरातलाच आहे."

गिरिधर ताटावरून उठला. हात धुतला, पिशवी उचलली अन् भिवापूरले मावशीकडे निघून गेला. मी देवाजीले असं झोडपलं शब्दांनी की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

तरी याचं समाधान कुठं! म्हणे, त्याले घरातला कोपरा न् कोपरा माहीत आहे, मागून येईल. नवी नायलॉनची जाळी आणली. वरून बांधली त कोणी कापून हात घालंल, म्हणून पाण्याच्या आत, हातभर खाली ताणून कडेले तारेनं आवळली. "आता घाल म्हणा हात!" अन् गेला मासोळ्या आणायला रामटेककडे. मी फुगून बसले होते, हौदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी येऊन पाहतो त सगळ्या मरळी जाळीखाली मेलेल्या. पोटातल्या हवेच्या फुग्यानं वर तरंगल्या होत्या अन् जाळीले टेकून अडकल्या होत्या, तोंडं वर करून. पाण्यातली मासोळी पाण्यात बुडून मेली, बापा! मरळीले वर यावं लागते, हे याले माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण डोक्यात चोर शिरला की दुसरं काही राहायले जागाच नसते.

मेलेली मरळ हॉटेलवाला घेत नाही. निदान सुकवून ठेवू म्हणून मी विळ्यावर बसले. सगळ्यात फुगलेलीचं पोट चिरलं त आतून अख्खी लहान मरळ निघाली. दुसरीतही तेच. मोठ्या मरळी लहानींले गिळून राहिल्या होत्या.

अन् गिरिधर म्हणाला होता ना, "भाऊजी, लहान मरळी वेगळ्या टाकू"? तेव्हा हा म्हणे, "वेगळ्या करून कुठं नेतो?"

देवाजीनं ती मासोळी हातात घेतली अन् म्हणाला, "उद्या भिवापूरले जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही भिवापूर गाठलं. गिरिधर मावशीच्या अंगणात मिरच्या निवडत होता. देवाजीनं हात जोडले. पोटातून लहान मरळी निघाल्याचं सगळं सांगितलं. "चुकलं माझं. घरी चल गा."

गिरिधरनं आम्हाले पाणी दिलं. मोनालीची खुशाली विचारली. मले वाटलं, आता उठंल, पिशवी घेईल.

"भाऊजी," तो म्हणाला, "यावेळी मासोळीचं पोट चिरलं म्हणून मी सुटलो. पुढच्या वेळी काही हरवलं त कोणाचं पोट चिरून पाहाल?"

आम्ही दोघंच परत आलो.