एकवीस कागदांवरचा अंगठा

आवडी कासारेला पाचवं मूल नको होतं. कुणी तिला फसवून शिबिराला नेलं नाही, ती आपल्या पायांनी गेली. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढं कोर्टात वकिलांनी हेच वाक्य तिच्या तोंडावर इतक्या वेळा फेकलं, की जणू स्वतःहून आलेल्या बाईशी खोटं बोलायची इतरांना मुभाच असते.

कशेडी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूरच्या अंगाला, बौद्धवाडीत तिचं घर. नवरा दत्ताराम सरकारी रस्त्यावर मजूर. घाटात दरड आली की फावडं घेऊन आठ-आठ दिवस तिकडंच. आवडी सत्तावीस वर्षांची, चौथी शिकलेली, चार पोरांची आई. धाकटं सात महिन्यांचं, अंगावर पिणारं.

१९८४ च्या मे महिन्यात शेजारच्या गावातल्या शाळेत कुटुंबनियोजनाचं शिबिर भरलं. मुंबईची कुठलीशी संस्था, नाव ‘सुखी संसार केंद्र’. जीपमधून पांढऱ्या साडीतल्या दोन बाया आणि एक डॉक्टर उतरले. वर्गातले बाक भिंतीला लावून बायकांची रांग केली.

आवडीचा नंबर आला तेव्हा बाई म्हणाली, "दोन महिन्यांनी एक सुई. कापायचं नाही, रोज गोळी खायची नाही."

"पोर अंगावर पितंय, बाई. चालंल?"

"चालतं. पुढं सरका."

नाडी बघितली नाही, आधी कधी काय आजार झाला ते विचारलं नाही. दहा-दहा जणींना तीच सुई, मध्ये नुसता स्पिरिटचा बोळा. रांगेत आवडीच्या मागं गावातल्या मराठ्यांच्या घरची साळूबाई उभी होती, कोंडाजीची बायको. साळूबाईच्या आळीतल्या विहिरीवर आवडीला घागर बुडवायची सोय नव्हती. त्या दिवशी मात्र सुई दोघींना एकच चालली.

पंधरा दिवसांत आवडीच्या अंगावरून जायला लागलं ते थांबेना. चिंध्या पुरेनात. सासू जानकीबाई म्हणाली, "तुज्याच अंगात काय खोट असंल गो. बाकीच्या बायांना काय होतंय?" बाकीच्या बायांनाही तेच होत होतं, पण असलं दुखणं कोण चव्हाट्यावर सांगतं? ज्या त्या घरात ज्या त्या बाईला हेच ऐकायला मिळत होतं.

जुलैत जीप परत आली. आवडीनं सगळं सांगितलं. पांढऱ्या साडीतली बाई वहीतून मान वर न काढता म्हणाली, "शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. दुसरी सुई घे, थांबेल." आवडीनं घेतली. शिकलेलं माणूस बोलतंय म्हणजे खरं असेल, असं तिला वाटलं. या एका विश्वासाबद्दल ती पुढं कितीतरी वर्षं स्वतःवर चिडायची. खरं तर चिडायला माणसं दुसरी होती.

लावणीच्या ऐन दिवसांत ती चिखलात आडवी झाली. दत्ताराम आणि भावकीतल्या तिघांनी डोली करून तिला सडकेवर आणलं, ट्रकमधून महाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या आणि विचारलं, "काय घेतलं होतंस?" तिनं शिबिराचं पिवळं कार्ड दाखवलं. कार्डावर तारखा होत्या आणि एक नंबर. डॉक्टरांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"यावर औषधाचं नावच नाही," ते म्हणाले. "मी उपचार करायचा कशावर?"

आवडी वाचली. पण दूध आटलं ते आटलंच. धाकट्याला भाताच्या पेजेवर वाढवला. पुढं वर्षभर पाळीचा पत्ता नाही, डोकं असं ठणकायचं की चुलीपुढं बसवेना.

पुढच्या मार्चमध्ये ती वाडीबरोबर महाडला चवदार तळ्यावर गेली. तिथं मांडवाच्या एका कोपऱ्यात ललिता साळवी नावाची महाडची तरुण वकील टेबल टाकून बसली होती. बायकांना कायद्याचा सल्ला फुकट देत होती. आवडीनं पदराच्या गाठीतलं कार्ड काढून पुढं ठेवलं. ललितानं सगळं ऐकून घेतलं. असल्या सुईबद्दल तिनं मुंबईच्या वर्तमानपत्रात वाचलं होतं. तिनं विचारलं, "हे औषध अजून तपासलं जातंय, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"तपासतायत? कुनावर?"

"तुमच्यावरच, ताई."

आवडी तळ्याच्या पायरीवर जाऊन बसली. दत्ताराम पाणी घेऊन आला तर तिनं पेला हातात धरला आणि प्यायलीच नाही. मग म्हणाली, "ढोराला पन सुई मारायच्या आदी मालकाला इचारतात."

त्या वाक्यावर दावा उभा राहिला म्हणायला हरकत नाही. संस्थेवर आणि औषध बनवणाऱ्या कंपनीवर, नुकसानभरपाईचा. शिबिरात चौतीस बायांनी सुई घेतली होती. आवडी आणि ललिता वाड्यावाड्यांतून हिंडल्या. चौदा जणींनी त्रास कबूल केला, अकरा जणी नाव द्यायला तयार झाल्या, आणि घरच्या पुरुषांनी डोळे वटारल्यावर उरल्या पाच.

साळूबाई त्यात नव्हती. तिची तऱ्हा सगळ्यांत वाईट. पाळी म्हणजे शिवाशिव, आणि पाळी तर संपेना. वर्ष होत आलं तरी थांबून थांबून तेच, आणि आताही दोन महिने ती बाई गोठ्याच्या पडवीत पडून होती. जेवण दुरून सरकवलेलं, पोरं उंबऱ्यापलीकडून तिच्याकडं बघायची. आवडी गेली तेव्हा कोंडाजीनं तिला अंगणातच थोपवलं.

"आमच्या घरातली बाय कोर्टाची पायरी चढनार नाय."

"पायरी चढू नका," आवडी म्हणाली. "पन ती पडवीत कशापायी पडलीय, ते तरी तिला कळू द्या. तिचा दोष नाय त्यात, दादा." आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सुईची सगळी हकीकत अंगणात उभं राहून सांगितली. कोंडाजीनं तिला हाकललं नाही.

८६ च्या हिवाळ्यात महाडच्या कोर्टात आवडीची उलटतपासणी झाली. संस्थेचा वकील मुंबईचा, गोड बोलणारा.

"तुम्ही स्वखुशीनं आलात ना, बाई?"

"व्हय."

"सगळे धोके समजावून सांगितल्यावर तुम्ही या संमतीपत्रावर अंगठा दिलात. बरोबर?"

त्यानं कागद पुढं केला. खाली निळ्या शाईचा ठसा, शेजारी टंकलेलं नाव: आवडी दत्ताराम कासारे. कागद इंग्रजीत. आवडीनं तो बराच वेळ धरून ठेवला.

"ह्यो अंगठा माजा नाय."

"नीट बघा. दोन वर्षं झाली. विसरला असाल."

"मी अंगठा देत नाय. सही करते. पोराच्या शाळेत, रेशनच्या दुकानात, कुटं पन बघा."

न्यायाधीशांनी कोरा कागद द्यायला लावला. आवडीनं सही केली, एकेक अक्षर डोक्यावरच्या रेषेला टांगल्यासारखं सरळ. वकील म्हणाला की घाईत अंगठा घेतला असेल, तेव्हा ललितानं सगळी संमतीपत्रं तज्ज्ञाकडं पाठवायची मागणी केली.

अहवाल यायला आठ महिने लागले. चौतीस कागद, त्यांतल्या एकवीस कागदांवर ठसा एकाच अंगठ्याचा. एकवीस बायकांनी सगळे धोके समजून घेतले होते म्हणे, एकाच अंगठ्यानं.

शिबिरात कामाला असलेल्या सगळ्यांचे ठसे ताडून पाहिले, तेव्हा तो अंगठा कुशाबाचा निघाला. शिबिराच्या पेट्या उचलायला ठेवलेला गावचाच रोजंदार. साक्षीला उभा राहिला तेव्हा मान वर करत नव्हता. "बाया घरला गेल्या व्हत्या," तो म्हणाला. "सायेब बोलले, कागद ऱ्हायलेत, तूच दे. मला वाटला हजेरीचे कागद हायेत." मग आवडीकडं वळून हळूच म्हणाला, "मला वाचता येत नाय गो."

त्याच्यावर आवडीला राग धरता आला नाही. पण ज्यांना वाचता येत होतं, ते मागच्या बाकावर घड्याळ बघत बसले होते.

त्याच दिवशी दुपारी साळूबाई कोर्टाच्या आवारात आली. बरोबर कोंडाजी. त्यानं ललिताला एवढंच विचारलं, "हिचं पन सांगनं लिवून घ्याल का?"

निकाल ८८ साली लागला. संमती खोटी होती, असं कोर्टानं स्वच्छ लिहिलं. संस्थेनं दावेदार बायांना भरपाई द्यावी, असा हुकूम झाला. कंपनी मात्र सुटली. का, तर बायांचं दुखणं त्याच औषधानं झालं असं ठरवायला सुईनंतरच्या तपासण्यांच्या नोंदी नव्हत्या. नोंदी कुणी ठेवायच्या होत्या? ज्यांनी सुया दिल्या त्यांनी. नोंद ठेवली नाही म्हणून दोष लागत नाही, आणि दोष लागत नाही म्हणून पुढं कुणी ठेवणारही नाही. ललितानं हे समजावून सांगितलं तेव्हा आवडी म्हणाली, "म्हंजे चोरानं दिवा इझवला, म्हनून चोर सुटला."

संस्थेनं अलिबागला अपील केलं आणि मुंबईतलं आपलं ऑफिस गुंडाळलं. हुकुमाचा कागद घेऊन दत्ताराम त्या पत्त्यावर गेला, तर तिथं छत्र्यांचं दुकान. अपील अजून चालूच होतं तेव्हा आवडीची पिशवी काढावी लागली. तिची मोठी पोरगी तेव्हा सातवीत होती.

८९ च्या पावसाळ्यानंतर पोलादपुरात दुसरंच शिबिर लागलं. माणसं नवी, गाडी नवी, सुईही नवी असावी. आवडी सकाळीच जाऊन दारात बसली. रांगेतल्या एका पोरसवदा सुनेच्या हातातला कागद तिनं मागून घेतला. या वेळी कागद मराठीत होता, तेवढा फरक पडला होता. ती मोठ्यानं वाचायला लागली. तरुण डॉक्टर बाहेर आला.

"मावशी, कशाला घाबरवताय बायकांना?"

"घाबरवत नाय, वाचून दावतेय. तुमचाच कागद हाय." तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं लिवलंय, ‘गंभीर त्रासाची शक्यता अत्यल्प’. अत्यल्प म्हंजे शंभरात किती बाया?"

डॉक्टर गोंधळला. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि तसं तो प्रामाणिकपणे म्हणालाही.

"मग इचारून या," आवडी म्हणाली. "आमी बसलोय." आणि तिनं सरकून त्या सुनेला आपल्याशेजारी जागा करून दिली. तिच्यामागच्या बायाही एकेक करून खाली बसल्या.