सिरियस मोठं का क्रिटिकल?

सिहोऱ्यात कोणाचं माणूस दवाखान्यात पडलं की पहिला निरोप मंगलाबाईला. डॉक्टरला दारात अडवून विचारायची हिंमत तिच्याच अंगात. रेशनवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांशी भांडून झालेली बाई. पण या खेपेला आत तिचाच नवरा होता. धानाच्या बांधीत, धुऱ्यावरून चालताना जागेश्वरला साप चावला, आणि भंडाऱ्यातल्या दवाखान्यात ती नुसत्या येरझारा घालत होती.

काल डॉक्टर म्हणाले होते, "क्रिटिकल आहे." हा शब्द गावात कोणी वापरत नाही. तिचा दीर कवडू म्हणाला, "म्हणजे थोडं कठीण हाय." सगळ्यांनी चहा घेतला. आज दुपारी डॉक्टर चालता चालता म्हणाले, "आता सिरियस," आणि कवडू मटकन खाली बसला. सिहोऱ्यात सिरियस म्हणजे लेकींना सासरहून बोलावून घ्यायचं. पेशंट मराठी, नातेवाईक मराठी, डॉक्टरही मराठी. मग जीवनमरणाची गोष्ट तेवढी इंग्रजीत का?

"वहिनी, गाडी बोलावतो. भाऊले घरी नेऊ. आपल्या ओसरीत तरी जीव जाईन."

"गेला का जीव त्याचा? मंग कायले बोंबलून राहिला?"

कवडू फोन लावत बाहेर गेला. तिनं सिस्टरला गाठलं.

"सिस्टर, सिरियस मोठं का क्रिटिकल?"

"दोन्ही गंभीरच, बाई."

"तोच शब्द दोनदा नका सांगू मले. काल कुठं होता, आज कुठं हाय, ते सांगा."

"काल श्वास मशीन देत होतं, आज ते स्वतः घेतात. क्रिटिकल म्हणजे केव्हाही काहीही होईल. सिरियस म्हणजे दुखणं मोठं, पण हातात आलंय."

"अन् घरी नेला तर?"

"वाटेतच पुन्हा क्रिटिकल."

मंगलाबाई धावतच फाटकाशी गेली. गाडी येऊन उभी होती.

"परत धाड ते गाडी!"

"अवो, पण मी घरी सिरियस सांगून बसलो! माय छाती बडवून राहिली."

"मंग सांग, सुधरला."

"सिरियस हाय अन् सुधरला? येडा म्हणतीन मले!"

"तो शब्दच गाळ. सांग, आपल्या नाकानं श्वास घेऊन राहिला."

कवडूनं पुन्हा फोन लावला. गाडी वळली. मंगलाबाई बाकावर टेकली आणि लगेच उठली. हातात आलंय म्हणजे कोणाच्या, आणि किती, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ती पुन्हा डॉक्टरच्या दाराकडे निघाली.