नानांचा वस्तरा, माझी मिशी

आमच्या घरात संशय पिढीजात आहे. नाना, म्हणजे माझे वडील, पंचवटीतल्या मार्केटात झेंडू विकायला बसत, तेव्हा गिऱ्हाइकाने नुसतं हसून "काय म्हणता?" विचारलं तरी ह्याला काहीतरी फुकट पाहिजे असं मनात धरूनच उत्तर देत. आई दुधावर झाकण ठेवायची आणि मांजर झाकणाखाली तर राहिली नाही ना, म्हणून पुन्हा उघडून बघायची. अशा दोघांच्या पोटी आलेला मुलगा सलूनच्या खुर्चीत डोळे मिटून बसेल, ही अपेक्षाच चूक.

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या एका कारखान्यात लेथवर लागलो, त्या सुमारास एड्सच्या पाट्या जिकडेतिकडे लागल्या होत्या. एसटी स्टँडवर, सरकारी दवाखान्यात, अगदी पाण्याच्या टाकीवरसुद्धा. दुसऱ्याचं ब्लेड वापरू नका, असं त्यावर लिहिलेलं असे. मी ते मनावर घेतलं. नाक्यावरच्या सलूनमधला कारागीर पुडीतून ब्लेड काढायचा, मधोमध मोडायचा आणि अर्धं आपल्या वस्तऱ्यात बसवायचा. उरलेलं अर्धं कुठं गेलं, हे मी आरशातून शोधत बसायचो. आणि आज मला मिळालेलं अर्धं तरी नवंच कशावरून? पुडी नवी होती, पण पुडी काय, पुन्हा चिकटवताही येते. एकदा मी त्याला हात धरून थांबवलं आणि ब्लेड उजेडात धरायला लावलं. त्याने वस्तरा खाली ठेवला.

"दादा, तुम्ही दाढीला येता का चौकशीला?"

बाकावर बसलेले सगळे हसले. मी अर्ध्या गालाला फेस लागलेला असताना उठून आलो आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

नाना कधीच सलूनमध्ये जात नसत. त्यांच्याकडे जुना वस्तरा होता, ब्लेड बदलायचा नव्हे, एकसंध पोलादी पात्याचा, शिंगाच्या मुठीत मिटणारा. सोमवार, शनिवार आणि अमावस्या सोडून कुठल्याही सकाळी ते अंगणातल्या खांबाला आरसा अडकवत, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा सपासप घासत आणि दाढी उरकत. तो वस्तरा दुसऱ्या कुणाच्या गालाला लागलेला नव्हता, याची मला खात्री होती, कारण नाना तो कुणाला हातात घेऊ देत नव्हते.

"मला शिकवा," मी म्हणालो.

नानांनी वस्तरा मिटून मुठीत धरला. "तुला कशाला पायजे? सलून बंद पडलं का?"

मी ब्लेडचं सांगितलं. हे कारण मात्र त्यांना एकदम पटलं. माणसांवर विश्वास न ठेवण्याचं कुठलंही कारण त्यांना पटायचं.

पहिले काही दिवस त्यांनी मला तोंडाला वस्तरा लावू दिला नाही. मळ्यातून कोवळा दुधी भोपळा आणला. कोवळ्या दुधीवर बारीक लव असते. त्याला साबणाचा फेस फासून ती लव काढायची, आणि सालीवर ओरखडा उठता कामा नये. ओरखडा उठला की नाना नुसते "हं" म्हणत आणि दुसरा दुधी पुढे सरकवत. त्या आठवड्यात घरात दुधीशिवाय भाजी झाली नाही. आई प्रत्येक घास नाकाशी नेऊन हुंगायची. "ह्याला साबणाचा वास येतोय. तुम्ही बापलेक माझ्यापासून काय लपवताय?"

दुधी बिचारा बोलत नाही, हलत नाही, त्याला हनुवटी नसते. माझ्या तोंडाला हे सगळं होतं. वस्तऱ्याने कापलं तर आधी कळतच नाही. फेसात गुलाबी रेघ उमटते, आपण ती बघतो, आणि मग झोंबायला लागतं. हनुवटीच्या खळग्यात, कंठाच्या गोटीवर, कानाच्या पाळीखाली, जिथं जिथं कातडी वळते तिथं तिथं मी कापून घेतलं. नानांचा नियम ठरलेला होता: कापलं की पुसायचं नाही, बघायचं नाही, गार पाण्याचा हात दाबून धरायचा आणि मग तुरटी. तुरटी लावली की डोळ्यांत पाणी यायचं. तरी थांबलं नाही तर आई हळद घेऊन धावायची. पिवळे डाग आणि वर चिकटवलेले वर्तमानपत्राचे कपटे असा मी कारखान्यात जायचो. तिथं सगळ्यांचं एकच मत होतं, की हे बायकोचं काम आहे. माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. त्यावर संशय आणखी वाढला.

हळूहळू हात बसला. डाव्या हाताने कातडी ताणायची, पातं जवळजवळ झोपवून न्यायचं, जोर लावायचा नाही. पण वरच्या ओठाला नानांनी सक्त बंदी केली होती. मिशीची कड कात्रीनेच सारखी करायची, तिथं वस्तरा न्यायचा नाही.

कारण सांगायची गरज नव्हती. लहानपणी नानांबरोबर मी फुलांच्या पाट्या घेऊन पंचवटीत जायचो, तेव्हा गंगेवरून वाट असायची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. रामकुंडाच्या बाजूला न्हावी ओळीने बसलेले असत. लांबून लांबून आलेली माणसं त्यांच्यापुढे उकिडवी बसत आणि उठत तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस नसत, ओठावर मिशी नसे. आमच्यात बाप असेपर्यंत मिशीला हात लावत नाहीत. बाप गेला की मुलगा मिशी देतो. शहरातली पोरं सिनेमातल्यासारखी तोंडं गुळगुळीत करून हिंडायची, त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्या वस्तीत सपाट ओठ दिसला की लोक आवाज खाली करून "कधी?" एवढंच विचारत.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी नानांच्या छातीत दुखलं. बायपास करायचं ठरलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की लांबवू नका, पुन्हा झटका आला तर इथपर्यंत आणायलाही वेळ मिळणार नाही. नाना तयार होत नव्हते. झोपवून छाती उघडणार आणि आपल्याला काही कळणार नाही, ही गोष्टच त्यांच्या स्वभावात बसत नव्हती. शेवटी माझ्याकडून वदवून घेतलं, की डॉक्टर जे सांगतील ते जसंच्या तसं त्यांना सांगायचं, आणि आत नेताना मी समोर हजर राहायचं. तेव्हा कुठे ते भरती झाले. जाताना घरातली कात्रीसुद्धा पिशवीत टाकून घेऊन गेले, कारण दवाखान्यात कात्री मिळेल याचा त्यांना भरवसा नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी दाढीला बसलो. मिशीची कड वाढली होती, कात्री नव्हती. हात इतक्या वर्षांचा बसलेला. मनात म्हटलं, एवढीशी कड, काय होतंय? वस्तरा नाकाखाली टेकवला आणि आत फोन वाजला.

दवाखान्यातूनच असणार, दुसरा कुणाचा एवढ्या सकाळी? माझा हात दचकला. उजव्या बाजूची निम्मी मिशी फेसाबरोबर पात्यावर आली आणि ओठावर रक्ताची धार लागली. तसाच धावत गेलो. फोन रात्री नानांजवळ थांबलेल्या धाकट्या भावाचा होता. नानांना टोपी पाहिजे होती.

परत आरशासमोर आलो. डावी बाजू जरा कमी केली, तर ती उजवीपेक्षा लहान दिसायला लागली. मग उजवी कमी केली. इकडून थोडी, तिकडून थोडी, आणि सगळं घाईत, त्यामुळे दोन्हीकडे कापत गेलं. शेवटी नाकाखाली काही उरलंच नाही.

आई चहा घेऊन आली. माझ्या तोंडाकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि उंबऱ्यावर बसली.

"फोन कुणाचा होता?"

"धाकट्याचा. नानांना टोपी पाहिजे."

"टोपी कशाला मागतील? खरं सांग मला."

"आई, देवाशपथ टोपीच मागितली."

"आणि मिशी? ती पण त्यांनीच मागितली?"

तिने पदर डोळ्याला लावला. त्याच वेळी नानांचा चुलतभाऊ, आमचे काका, दुधाची किटली घेऊन फाटकात आले. उंबऱ्यावर रडणारी आई दिसली, रक्ताळलेला, बिनमिशीचा मी दिसलो. मी "काका, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी किटली फाटकातच ठेवली होती आणि मोटारसायकलला किक मारली होती.

मी आईला मागे बसवून निघालो. तोंडाला रुमाल बांधला होता. आई वाटेत तीनतीनदा विचारत होती, की दवाखान्याचाच रस्ता आहे ना हा. मी चिडून ओरडलो तिच्यावर. पण खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. अपशकुन वगैरे मी मानत नाही असं मित्रांना सांगायचो. त्या सकाळी सगळं मानत होतो. माझ्याच हाताने मी काहीतरी करून बसलोय असं वाटत होतं आणि ओठ सारखा झोंबत होता.

पोचलो तेव्हा जे व्हायचं ते झालेलं होतं. काका "माझा दादा गेला रे" म्हणत वॉर्डात शिरले होते आणि दादा खाटेवर मांडी घालून बसलेले होते. काका जागच्या जागी गप्प झाले. नानांनी त्यांना एवढंच विचारलं, की कुणी सांगितलं? काका म्हणाले, "पोरानं मिशी दिली." तेव्हापासून नानांनी पायांत चपला घातल्या होत्या आणि पिशवी मांडीवर घेतली होती. ऑपरेशनला न्यायची चाकांची गाडी खाटेशी येऊन थांबली होती. नर्स समजावत होती, धाकटा भाऊ हात जोडत होता.

मला बघून नाना म्हणाले, "रुमाल काढ."

मी काढला. शेजारच्या खाटेवरचे पेशंटही उठून बसले.

"डॉक्टर काय म्हनले तुला?"

"जे तुम्हाला म्हणाले तेच."

"खोटं बोलू नको. मी वाचत नाय असं त्यांनी सांगितलंय. तू आधीच उरकून घेतलं."

"नाना, वस्तरा होता हातात, फोन वाजला, हात हलला," एवढं कसंबसं म्हणालो. ते सांगताना मलाच ते खोटं वाटलं. कुणीही हेच सांगितलं असतं.

"हिकडं ये. उजेडात."

मी खाटेशी वाकलो. त्यांनी माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि अंगठा नाकाखाली फिरवला. दुधीवर फिरवायचे तसाच, सावकाश. उजवीकडचा मोठा काप बघितला, मग डावीकडचे लहान लहान. प्रत्येकावर अंगठा थांबत होता.

"हितं दचकला," नाना म्हणाले. "मंग हितं सारखी कराया गेला. हितं परत. कातडं ताणलंच नाय. पातं उभं धरलं." त्यांनी मान वर केली आणि काकांकडे बघून म्हणाले, "गंगेवरच्या न्हाव्यानं काढली असती तर एक रेघ उमटली नसती. जाणूनबुजून काढणारा असा सोलून घेत नसतो. ह्यो खरं बोलतोय."

काका मोठ्याने हसले आणि मग पुन्हा रडायला लागले. नानांनी चपला काढल्या, पिशवी आईकडे दिली. पण माझी हनुवटी सोडली नाही.

"बापाला हे तोंड बघाया भेटत नसतं," ते म्हणाले. "पोराची मिशी जाती तवा बाप सरणावर असतो. मला भेटलं." आणि जरा थांबून, "आईवर गेला रे तू. मिशीमुळं आजवर दिसलं नाय."

मला हुंदका आला. दवाखान्यात, एवढ्या माणसांत, मी लहान मुलासारखा रडलो. नाना स्वतःच्या पायाने त्या गाडीवर चढून आडवे झाले आणि मुलाला रडवल्याबद्दल नर्सवरच खेकसले.

ते त्यातून उठले, आणि नंतर बरीच वर्षं मळ्यात, मार्केटात सगळ्यांवर संशय घेत हिंडले. माझी मिशी परत आली. मग एके दिवशी झोपेतच गेले, कुणाला काही विचारायची संधी न देता. दहाव्याला गंगेवर मी न्हाव्यापुढे बसलो. त्याचा हात हलका होता. दोनदा वस्तरा फिरला आणि तो म्हणाला, "झालं, उठा." मी उठलो नाही. ओठावर अंगठा फिरवून बघत राहिलो, पण कुठंच कापलेलं नव्हतं.