घमेल्यातली चोवीस ठिकाणची माती

संगमनेरहून निघताना सईने, माझ्या नातीने, बर्फाचा डबा पुढच्या सीटवर ठेवला आणि मला मागे बसवलं. मातीतल्या जिवाणूंना ऊन सोसत नाही म्हणे. सत्तरीतल्या आजीला सोसतं.

कोल्हारला चहा घेताना तिने काम समजावलं. काही जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात, काही जमिनीतलं परत हवेत सोडतात. एकाच शेतात कुठे कुणाची वस्ती, याचा नकाशा तिला प्रबंधासाठी करायचा होता. म्हणून चोवीस जागांची माती चोवीस पिशव्यांत, वेगवेगळी. नवी सून असताना उसाची पात अंगाला कापते म्हणून मी सगळा युरिया, म्हणजे नत्रच, बांधाकडेच फेकायची आणि तिथला हिरवागार ऊस पाहुण्यांना मिरवून दाखवायची. एवढी मी हुशार.

पुणतांब्याला माझा धाकटा मावसभाऊ दामू याच्या उसात आम्ही सकाळभर खणलं. काळी चिकट माती, चपला दोनदा तिथेच राहिल्या. पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून, डबा बांधावर सावलीत ठेवून पिठलं-भाकरी खायला घरात गेलो. परत येतो तर दामूने सगळ्या पिशव्या एका घमेल्यात ओतून, कालवून, चार भाग पाडून त्यातले दोन फेकून दिलेले. माती तपासायला द्यायची ती अशीच, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

"सगळं एकजीव केलंय बघ, अक्का. माती ती माती."

सई रडकुंडीला आली. तासाभरात बारं (पाटाच्या पाण्याची पाळी) येणार होतं. शेत भिजलं की जिवाणूंची मांडणी बदलते, आणि ते पुन्हा सुकेपर्यंत तिची मुदत संपणार होती.

तरुणपणी मी अशा वेळी पदर सावरत चहा टाकायला पळाले असते. आता फावडं आडवं टाकून दाऱ्यावर (पाणी शेतात शिरतं त्या तोंडावर) बसले.

पाणी आलं तसा दामू म्हणाला, "ऊठ अक्का. मागं लोक पान्यासाठी थांबल्यात."

"घमेल्यातली कुठली माती कुठल्या जागंची, ते सांग. मग उठते."

"ते कसं सांगनार?"

"मग गप खण."

तो धुसफुसत खणू लागला. मागच्या शेतकऱ्यांची पाळी बुडवणं मात्र मला जमलं नाही. उठले तेव्हा सतराच पिशव्या भरल्या होत्या.

परतीच्या वाटेवर मी सईला म्हटलं, उरलेल्या सातांत वाटेतल्या कुठल्याही बांधावरची माती भर, कुणाला कळतंय? तिने मघाशी दामूकडे पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं.

घरी तिने नकाशात सात चौकोन कोरे सोडले. ते पाहिले की अजून संताप होतो. दामूचा, आणि जन्मभर शेतात राबून त्याच्यासारखंच बोलणाऱ्या माझा.