सुनंदावहिनी आणि दोन पाइपांची गाडी

दादाचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या एसटी स्टँडवर उभा होतो. "संजू, ती गेली रे..." एवढंच तो म्हणाला. डोकं दुखतंय म्हणून सुनंदावहिनी आदल्या दिवशी स्वतः चालत दवाखान्यात गेल्या होत्या. त्याला आता महिना होत आला.

वहिनी मंचरच्या. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आमच्या पिंपरी पेंढारच्या घरात आल्या. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, आळेफाट्याजवळ गॅरेज होतं. तिथं त्या आधी डबा घेऊन जायच्या. एक दिवस एका गाडीचं वायरिंग उघडून बसल्या, आणि त्यानंतर डबा दोघांचा येऊ लागला. आमच्या आप्पांना ते रुचलं नाही. "सुनंनं ग्यारेजात बसायचं? लोक काय म्हन्तील?" वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "आप्पा, गाड्या लोकांच्याच हायेत."

दादाला मोटारींच्या शर्यतीचं वेड. एका जुन्या गाडीच्या इंजिनाला त्यानं हवा ओढणारा दुसरा, आखूड पाइप बसवला. हवा जास्त, म्हणजे ताकद जास्त. पण इंजिनाचा कॉम्प्युटर पहिल्याच पाइपातली हवा मोजायचा आणि तेवढ्यापुरतंच पेट्रोल सोडायचा. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून तापतं, पिस्टन वितळायला लागतो. म्हणून लॅपटॉप जोडून कॉम्प्युटरमधले हवेचे आकडे बदलायचे होते. ते काम वहिनींचं.

"दुप्पट करून टाक की," दादा म्हणाला.

"दुप्पट पुरत नाही, अहो. हळू चालताना हवा दोन्हीकडून सारखी येते. जोरात पळवली की आखूड पाइपातून जास्त."

दादाला ते पटलं नाही. शर्यत दुसऱ्या दिवशी होती आणि त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. शेवटी वहिनींनी आकडे तात्पुरते दुप्पट केले आणि भर दुपारी आम्ही अणे घाटात निघालो. दादा चालवत होता, शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन वहिनी, मागे मी. पहिली वळणं सुरेख गेली. मग चढ लागला, दादानं पाय दाबला, आणि इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला.

"पाय काढा," वहिनी म्हणाल्या.

"लई भारी पळतीये, बघ तरी!"

"अहो, पेट्रोल पुरत नाहीये. पाय काढा."

दादाच्या मानेची शीर ताठ झाली होती. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. वहिनींचा आवाज चढला नाही. त्यांनी लॅपटॉप मिटला. "मग मला उतरवा. हे इंजिन फुटताना मला बघायचं न्हाई."

दादानं कचकन गाडी कडेला घेतली. वहिनी उतरल्या आणि मागं न बघता पुढच्या कठड्यावर जाऊन बसल्या. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं बॉनेट उघडलं, हातावर फडकं गुंडाळून इंजिनात ठिणगी पाडणारा एक प्लग काढला आणि उन्हात धरला. त्याच्या टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर राखाडी ठिपके होते, बारीक, मोहरीहून बारीक. पिस्टनचा धातू सुटायला लागला होता.

तो प्लग घेऊन तो कठड्याकडे गेला. त्यानं तो वहिनींपुढे धरला. त्यांनी तो उलटापालटा केला.

"इंजिन वाचलंय अजून," त्या म्हणाल्या. "चला. मी चालवते, तुम्ही आकडे वाचा."

उन्हं कलेपर्यंत आम्ही तोच चढ पुन्हा पुन्हा चढलो. वहिनी थोडा वेग वाढवायच्या, दादा आकडा वाचायचा, गाडी थांबवून त्या वरच्या वेगाचा एकेक आकडा सुधारायच्या. हळूहळू तो खडखडाट विरला आणि इंजिन भरल्या आवाजात चढू लागलं. दुसऱ्या दिवशी आमची गाडी पहिली आली नाही, तिसरीही नाही. पण कितीतरी गाड्या दोराला बांधून परतल्या, आमची आपल्या चाकांवर आली. आप्पा दारातच उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि वहिनींना म्हणाले, "दमली असशील. च्या घे आधी."

मागच्या आठवड्यात दादा मला ओझरला गणपतीच्या दर्शनाला घेऊन गेला. घरच्या गाडीत मी पुढे बसलो तर गुडघे डॅशबोर्डला टेकले. वहिनी ठेंगण्या, सीट अगदी पुढे ओढून बसायच्या. सीट मागे सरकवायला मी खालच्या खटक्याकडे हात नेला.

"राहू दे," दादा किल्ली न फिरवता, समोर बघत म्हणाला. "तू मागं बस, संजू."

मी मागे जाऊन बसलो.