कुंपणावरची कळलावी
थोरली जाऊ अंगणातच उलट्या करत होती, आणि आमचे हे दवाखान्यात जायला रिक्षात चढताना मला म्हणाले, “करांदाच व्हता ना गं तो?” मी मागे जाऊन पाहिलं, तर कळलावीची जागाही खणलेली होती. खांदेश्वरच्या आमच्या घरामागे तारेच्या कुंपणावर दोन वेल चढायचे, एका टोकाला करांदा, ज्याचा कडसर कंद भाजून खातात, दुसऱ्या टोकाला रानातून आणून मी लावलेली कळलावी. पावसात तिला लाल-पिवळी फुलं येत, दिवाळीनंतर वेल वाळून जाई आणि जमिनीत फक्त कंद उरे. तो विषारी, म्हणून मी तिथे कुणाला खुरपं लावू देत नसे. मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी माझा उपास होता, मी देवळात होते. इकडे यांनी पोपटी लावली. दोन्ही वेल वाळलेले, यांनी दोन्हीकडचे कंद करांदाच समजून काढून वालाच्या शेंगांबरोबर मडक्यात भरले, वर भांबुर्ड्याचा पाला कोंबला आणि जाळ केला. खाताना जाऊ म्हणाली, “भावोजी, लई कडू हाय.” हे हसले, “वैनी, करांदा कडूच असतो. गोड पायजे तर रताळं खा.” करांदा कडूच असतो, ते खरंच आहे, म्हणून दोघांनी पोटभर खाल्लं. पुढे जावेचे केस मुठीमुठीने गळले. आता थंडीत शेजारी पोपटी लागली की पाल्याचा वास येतो, मी खिडकी लावून घेते. हे दवाखान्यातच गेले. जाऊ वाचली.